श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड : राज्य, कारागीर आणि कारखाने

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक अंकात दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र द्यावे असा परिपाठ आहे. कै. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांचे नाव ज्ञातीतील लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. सक्तीचे शिक्षण, गावोगावची वाचनालये, अस्पृश्यांसाठी शाळा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस १९१३ साली परदेशी शिक्षणासाठी दिलेली शिष्यवृत्ती, या त्यांच्या कार्याचे वर्णन पाठ्यपुस्तकांतून अनेकवार आलेले आहे. परंतु त्यांच्या चरित्राचे एक अंग त्या मानाने अंधारात राहिले. आपल्या राज्यात कारखानदारी उभी करण्यासाठी त्यांनी जवळजवळ ५५ वर्षे खटपट केली, तीत त्यांस अपयश आले व यशही आले, आणि त्या यशापयशाची कारणे आपण खालापूरकरांनी विशेष समजून घेण्यासारखी आहेत. म्हणून त्याच अंगाचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

जन्म व दत्तविधान

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे या खेड्यात झाला. मूळ नाव गोपाळराव. वडील काशीराव गायकवाड हे राजघराण्याच्या एका दूरच्या शाखेतील. पण घरची स्थिती साध्या शेतकऱ्याची होती. गोपाळराव बारा वर्षांचे होईपर्यंत गुरे राखणे व शेतात राबणे हेच त्यांचे शिक्षण होते. अक्षरओळखही झालेली नव्हती.

बडोद्यास त्या वेळी मल्हारराव गायकवाड गादीवर होते. त्यांच्या कारभाराविषयी तक्रारी वाढत गेल्या. पुढे इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर यांस विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप महाराजांवर आला, चौकशी झाली, आणि चौकशी मंडळात एकमत नसतानाही एप्रिल १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हाररावांस पदच्युत केले. त्यांचे वडील बंधू कै. खंडेराव महाराज यांच्या पत्नी जमनाबाईसाहेब यांस दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याहून आणलेल्या मुलांतून त्यांनी गोपाळरावांची निवड केली आणि २७ मे १८७५ रोजी दत्तविधान होऊन गोपाळरावांचे सयाजीराव झाले. नांगरामागून चालणारा मुलगा एका दिवसात राजा झाला. नांगर, कुदळ व गाडा हातांनी कसे चालतात हे ज्यास लहानपणीच कळले, त्यास पुढे यंत्राची थोरवी लवकर पटली यात आम्हांस नवल वाटत नाही.

इलियट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे त्यांचे शिक्षण सोपविण्यात आले. राज्याचा कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहात होते. महाराजांनी सहा वर्षांत मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू, गणित, इतिहास असा मोठा अभ्यास पुरा केला आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी अठराव्या वर्षी राज्याची सूत्रे हाती घेतली.

हाती आलेले राज्य

हे राज्य कसे होते? क्षेत्रफळ ८ हजार चौरस मैलांहून अधिक, पण एकसंध नव्हे. बडोदा, कडी, नवसारी व अमरेली असे चार प्रांत चार ठिकाणी विखुरलेले, मध्ये इंग्रजी मुलूख आणि लहानमोठी संस्थाने. ओखामंडळ तर पार द्वारकेच्या टोकास. एका प्रांताचा माल दुसऱ्या प्रांतात न्यायचा तर वाटेत परक्या हद्दी ओलांडाव्या लागत, आणि नाक्यानाक्यावर जकात द्यावी लागे. कारखान्यास जसा कच्चा माल लागतो तशी बाजारपेठही लागते. जेथे आपल्याच राज्यातील गिऱ्हाईक परक्या नाक्यांपलीकडे राहते, तेथे कारखाना कोणाच्या भरवशावर काढावा?

दुसरी गोष्ट भांडवलाची. बडोद्यात पैसा नव्हता असे मुळीच नाही. खंडेराव महाराजांनी मोत्यांचा गालिचा विणवून घेतला, मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतविल्या. परंतु जो पैसा गालिच्यात व तोफांत बसला तो तेथेच बसून राहिला, त्यापासून दुसरा पैसा उत्पन्न झाला नाही. वसुलाची व्यवस्थाही अशीच. हरिभक्ती, गोपाळराव मैराळ अशा मोठमोठ्या सावकारी पेढ्या राज्याच्या पोतदार होत्या. राज्यास नड पडली की त्यांनी रक्कम द्यावी आणि वसूल आला की व्याजासह उगवून घ्यावी असा क्रम पिढ्यान् पिढ्या चालला होता. राजाच ज्याचे खात्रीचे ऋणको आहे त्या सावकाराने गिरणीत पैसा घालून धोका का पत्करावा? राज्याचे चलनही निराळे, बाबाशाही. इंग्रजी रुपयाशी त्याचा भाव नेहमी वरखाली होई. हे नाणे १९०१ साली बंद होऊन इंग्रजी चलन स्वीकारण्यात आले, तोवर व्यापाऱ्यास हा एक वेगळाच जाच होता.

तिसरी गोष्ट माणसांची. राज्यात सरदार होते, शिलेदार होते, कारकून व फडणीस होते. सुतार, लोहार, तांबट, रंगारी, साळी हेही पुष्कळ होते. पण पहिल्या वर्गास हातोडा धरणे कमीपणाचे वाटे, आणि दुसऱ्या वर्गास कोणी लिहावाचावयास शिकविले नव्हते. विद्या एका ओसरीवर व कसब दुसऱ्या ओसरीवर, आणि दोहोंमध्ये येणेजाणे नाही. आमच्या मते सर्व अडचणींत हीच सर्वांत खोल होती. कारण जकात एका हुकुमाने उठते, पण मनातली ही भिंत हुकुमाने पडत नाही.

बैलांची आगगाडी

या जुन्या राज्याचे स्वरूप एका उदाहरणाने चांगले ध्यानात येईल. खंडेराव महाराजांस आगगाडीची हौस होती. त्यांनी डभोई ते मियागाम असा अडीच फूट रुंदीचा लहान लोहमार्ग बांधविला व तो १८६२ साली सुरू झाला. हिंदुस्थानातील संस्थानिकाने स्वतः बांधलेली ही पहिलीच आगगाडी. परंतु रूळ इतके हलके घातले गेले की त्यांवरून इंजिन चालेना. तेव्हा डब्यांस बैल जुंपले! पुढे १८७३ साली भक्कम रूळ घालण्यात आले आणि कालांतराने नियमाने इंजिने चालू लागली.

येथे आपल्या वाचकांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या खोपोलीस आगगाडी १८५६ सालीच आली होती, आणि ज्या १८६३ साली महाराजांचा जन्म झाला त्याच साली कर्जतवरून बोरघाट चढून मुंबई व पुणे रुळांनी जोडली गेली. आपल्या डोंगरात इंजिने धापा टाकीत घाट चढत होती त्या वर्षी बडोद्याच्या रुळांवर बैल चालत होते. आता यात बडोद्यास हसण्यासारखे काही नाही. खोपोलीची गाडी आपण बांधली नव्हती. ती परक्या कंपनीने बांधली व आपल्या पूर्वजांनी तिच्यासाठी दगड वाहिले. बडोद्याची गाडी बैलांची असली तरी स्वतःच्या राज्याची होती. मात्र हौस व विद्या यांतील अंतर तिने दाखवून दिले. राजाच्या मनात आले म्हणून रूळ पडतात. इंजिनाचे वजन किती व रूळ किती जाड हवा, हे सांगणारा माणूस दरबारात निपजत नाही, तो शाळेतून व कारखान्यातून घडवावा लागतो.

सरकारी कारखान्यांचा प्रयोग

सयाजीराव महाराजांनी प्रथम राज्याच्या खर्चानेच कारखाने काढून पाहिले. खाजगी व्यापारी पुढे येत नाहीत तर सरकारने वाट दाखवावी, असा त्यांचा विचार. बडोद्यास सरकारी सूतगिरणी निघाली, गणदेवीस साखरेचा कारखाना निघाला. शेजारच्या अहमदाबादेत रणछोडलाल छोटालाल यांची पहिली गिरणी १८६१ सालीच सुरू झाली होती, व तिच्या मागोमाग इतरही निघत होत्या. बडोद्याची कापसाची जमीन तिच्याहून उणी नव्हती. मग बडोद्यास का साधू नये?

परंतु साधले नाही. गणदेवीचा कारखाना चालला नाही, आणि गिरणी पुढे खाजगी कंपनीस विकून टाकावी लागली. याचे कारण यंत्रांत नव्हते. गिरणी चालविणारा व्यापारी पहाटे कापसाचा भाव विचारतो आणि दुपारी सौदा करतो. सरकारी गिरणीचा कारभारी कागद तयार करतो, तो वरिष्ठांकडे जातो, वरिष्ठ शेरा मारतात, मग तो हुजुरास जातो. तोवर कापसाचा भाव निघून गेलेला असतो. नफा झाला तर कारकुनाचा पगार वाढत नाही, तोटा झाला तर कमी होत नाही. अशा रीतीने दप्तर चालेल, कारखाना चालणार नाही.

जपानातही याच सुमारास असेच घडले हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १८६८ नंतर तेथील सरकारने अनेक कारखाने स्वतः काढले, आणि तोटा येऊ लागताच १८८० नंतर त्यांतील पुष्कळसे व्यापाऱ्यांस विकले. पण जपानास दोन गोष्टी अनुकूल होत्या. देश एकसंध होता, आणि विकत घेण्यास व्यापारी घराणी तयार होती. शिवाय त्यांच्या डोक्यावर परके सरकार नव्हते. बडोद्याजवळ यांतील एकही गोष्ट नव्हती. महाराजांनी १९१० साली जपान प्रत्यक्ष पाहिला, तेव्हा हा फरक त्यांच्या नजरेतून सुटला नसेल.

कलाभवन

कारखाने आधी व माणसे मागून हा क्रम उलटा आहे, हे महाराजांस पहिल्या दहा वर्षांतच उमगले. त्यांच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचे वळण आम्ही यासच समजतो.

बडोदा कॉलेजात १८८६ च्या सुमारास प्रो. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्राचे अध्यापक म्हणून आले. ते मूळचे सुरतेचे, जन्माने सुतार, आणि रसायनशास्त्रातील एम. ए. विद्या आणि कसब या दोन ओसऱ्यांमधील भिंत ज्याच्या ठायी पडलेली आहे असा पुरुष महाराजांस नेमका हवा होता. त्यांच्या योजनेस आश्रय देऊन महाराजांनी १८९० साली बडोद्यास कलाभवनाची स्थापना केली. रंगकाम, सुतारकाम, यंत्रशास्त्र, वास्तुविद्या, चित्रकला असे विषय तेथे शिकवले जात. विशेष हे की शिक्षण इंग्रजीतून न देता देशी भाषेतून देण्याचा तेथे आग्रह होता, आणि त्यासाठी शास्त्रीय विषयांची पुस्तके लिहवून घेण्यास महाराजांनी मोठी रक्कम दिली. ज्याचे हात तयार आहेत त्यास केवळ इंग्रजी येत नाही म्हणून विद्येच्या दाराबाहेर उभे करू नये, हा त्यातील हेतू. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके यांनी याच कलाभवनात शिक्षण घेतले होते.

त्याच १८९० साली महाराजांचा भव्य लक्ष्मीविलास राजवाडाही पुरा झाला. राजवाड्याची कीर्ती अधिक झाली, हे खरे. परंतु कलाभवनाने राज्यास जे दिले ते राजवाड्यास देता आले नाही.

तथापि कलाभवनाचा मार्ग सोपा नव्हता. या कामास लागणारा खर्च दरबारातील अनेकांस उधळपट्टी वाटे. सुतारलोहारांस शिकवून काय साधणार, असा त्यांचा रोख. शिक्षण घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांचा ओढाही कारखान्यापेक्षा नोकरीकडे. परदेशी शिकून आलेल्यांची तीच कथा. खासेराव जाधव हे राज्याच्या खर्चाने विलायतेस जाऊन शेतीशास्त्र शिकून आले, पण त्यांची उमेद पुढे मुलकी कारभारातच खर्ची पडली. ते सुभे झाले. त्यात त्यांचा दोष नव्हता. राज्यात मान सुभ्यास होता, शेतीतज्ज्ञास नव्हता, आणि राज्य नेहमी आपली उत्तम माणसे जेथे मान असतो तेथेच बसविते. प्रो. गज्जरही दरबारी विरोधास कंटाळून १८९६ साली बडोदे सोडून मुंबईस गेले.

परंतु बी पेरले गेले होते. मुंबईत गज्जरांनी आपली प्रयोगशाळा काढली, आणि त्यांचे शिष्य कोटिभास्कर व भाईलाल अमीन यांनी १९०७ साली अलेंबिक या रसायने व औषधांच्या कारखान्याचा पाया घातला. तो बडोद्यास नावारूपाला आला. कलाभवनाच्या स्थापनेपासून तेथवर सतरा वर्षे लागली. उद्योग हे आंब्याचे झाड आहे. लावणाऱ्याने लगेच फळाची वाट पाहू नये.

दोन मोठे अडथळे

या काळात दोन संकटे अशी आली की ज्यांवर महाराजांचा इलाज नव्हता. पहिले संकट दुष्काळाचे. संवत १९५६ चा म्हणून गुजरातेत छप्पनिया दुष्काळ प्रसिद्ध आहे. १८९९-१९०० मध्ये तो पडला. १८९१ च्या शिरगणतीत बडोदे राज्याची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती, ती १९०१ मध्ये सुमारे साडेएकोणीस लाखांवर आली. इतकी माणसे गेल्यावर कारखान्याचा माल घेणार कोण, आणि कापूस पिकविणार कोण? कितीएक वर्षांची जमवाजमव या एका वर्षाने धुऊन नेली.

दुसरे संकट कायमचेच होते. ते म्हणजे सार्वभौम इंग्रज सरकार. राज्य महाराजांचे, पण राज्यातून जाणाऱ्या मोठ्या आगगाडीच्या रुळांखालील जमिनीवर अधिकार इंग्रजांचा. मीठ समुद्रकाठी फुकट पिकते, पण मिठाचा मक्ता इंग्रजांचा, व संस्थानच्या मिठास इंग्रजी मुलखात मज्जाव. परदेशी तज्ज्ञ नोकरीस ठेवायचा तर रेसिडेंटाकडे विचारणा. एवढेच नव्हे, महाराजांनी स्वतः विलायतेस जावयाचे तरी, लॉर्ड कर्झन यांच्या १९०० सालच्या फर्मानानंतर, त्यासही परवानगी. १९११ च्या दिल्ली दरबारात महाराजांनी बादशहास मुजरा करताना रीत पुरी पाळली नाही म्हणून केवढे वादळ उठले हे सर्वश्रुत आहे. अशा स्थितीत कोणतेही मोठे औद्योगिक धोरण आखणे म्हणजे पाय बांधून शर्यत धावणे होते.

एक अडथळा मात्र खुद्द राजसत्तेच्या पोटातला होता, आणि महाराजांविषयी पूर्ण आदर राखून तोही सांगणे प्राप्त आहे. एकतंत्री राज्यात सर्व गाडा एका माणसाच्या सहीवर चालतो. महाराजांची प्रकृती नाजूक होती. १८८७ पासून ते वारंवार व दीर्घकाळ युरोपात राहात. महाराज तेथून हुकूम पाठवीत, आणि बडोद्यातील अधिकारी त्या हुकुमाची वाट पाहात. स्वतःच्या अकलेने निर्णय घेणारा अधिकारी अशा राज्यात धोक्यात असतो, व वाट पाहणारा सुरक्षित असतो. राजा कितीही उत्तम असला तरी त्याच्या उत्तमपणाने प्रजेची वाट पाहण्याची सवय मोडत नाही; कधी कधी वाढतेच.

धोरणात पालट

शहाण्याचे लक्षण असे की तो चुकीच्या वाटेवर हट्ट धरून राहात नाही. १९०० नंतर महाराजांचे धोरण बदललेले दिसते. डिसेंबर १९०२ मध्ये अहमदाबादेस राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाबरोबर औद्योगिक प्रदर्शन भरले, त्याचे उद्घाटन महाराजांनी केले. त्या वेळी त्यांनी देशाच्या दारिद्र्याचे कारण उद्योगाचा अभाव हेच आहे, व जातीजातींतील कामाचा उच्चनीच भाव हा त्याच्या मुळाशी आहे, असे विवेचन केले. एका संस्थानिकाने राष्ट्रीय सभेच्या मांडवाशेजारी उभे राहून असे बोलावे, हे त्या काळी धाडसाचे होते. १९०६ साली कलकत्त्याच्या औद्योगिक परिषदेचेही उद्घाटन त्यांनीच केले.

१९०४ साली थोर अर्थशास्त्रज्ञ रमेशचंद्र दत्त यांस त्यांनी बडोद्याच्या सेवेत आणले. हिंदुस्थानातील धंदे परक्या राज्यात कसे बुडाले यावर ज्यांनी ग्रंथ लिहिले, त्यांच्याच हाती महसूल खाते दिले गेले. दत्तांच्या कारकिर्दीत धंद्यांवरील अनेक जुने कर व अंतर्गत जकाती उठल्या. पुढे ते दिवाण झाले, पण १९०९ साली बडोद्यासच त्यांचे निधन झाले. याच काळात, १९०६ साली, अमरेलीतील १८९३ पासूनचा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सर्व राज्यास लागू करण्यात आला. कारखान्यासाठी शाळा व शाळेसाठी सक्ती, असा हा साखळीचा विचार होता.

राहिला प्रश्न भांडवलाचा. १९०६ साली महाराज अमेरिकेस गेले व तेथील पेढ्यांचा कारभार त्यांनी पाहिला. लोकांचे थोडेथोडे पैसे एकत्र करून ते धंद्यास पुरविणारी संस्था आपल्या राज्यात हवी, हे त्यांनी मनावर घेतले. व्हिटेनॅक या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचे साहाय्य घेऊन, सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्यासारख्या अनुभवी व्यापाऱ्यांस बरोबर घेऊन, २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. ज्या राज्यात एकेकाळी राजाच सावकारांचा ऋणको होता, तेथे आता गावोगावच्या ठेवी धंद्यास मिळू लागल्या. १९१३ ते १९१७ या काळात देशातील कितीतरी देशी बँका बुडाल्या, पण ही बँक टिकली आणि आजही ती उभी आहे.

हळूहळू कलोल, सिद्धपूर, पेटलाद, नवसारी, बिल्लीमोरा येथे गिरण्या व कारखाने निघाले. महाराजांनी आता कारखाने स्वतः चालविले नाहीत. जागा, कर्ज, रस्ता, पाणी आणि शिकलेली माणसे पुरवून चालविणाऱ्यास मोकळीक दिली. १९२६ साली ओखा बंदर सुरू झाले. परंतु येथेही इंग्रज सरकार आडवे आले. काठेवाडच्या बंदरांतून इंग्रजी मुलखात जाणाऱ्या मालावर वीरमगाम येथे जकात घेतली जाई. ती १९१७ साली उठली होती, ती १९२७ साली पुन्हा बसविण्यात आली. तरीही कपिलराम वकील यांस महाराजांनी ओखामंडळात मीठ व रसायनांच्या उद्योगाची परवानगी दिली. तेथेच मिठापूर वसले आणि जानेवारी १९३९ मध्ये टाटा केमिकल्स या कंपनीची स्थापना झाली. नंतर थोड्याच दिवसांनी, ६ फेब्रुवारी १९३९ रोजी, मुंबईस महाराजांचे निधन झाले. १९४९ साली बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि कलाभवन त्याच साली स्थापन झालेल्या महाराजांच्या नावाच्या विद्यापीठाचा भाग बनले.

नवसारी आणि खोपोली

आता एक गोष्ट अशी की जी बडोदे व खालापूर यांस जोडते. जमशेटजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीस झाला. नवसारी हे गायकवाडी मुलखातील गाव; म्हणजे हिंदुस्थानातील सर्वांत मोठा उद्योगपती जन्माने बडोद्याचा प्रजाजन होता. परंतु त्याने आपली मोठी गिरणी १८७७ साली नागपुरास काढली, पुढचे उद्योग मुंबईस काढले, आणि सह्याद्रीच्या पाण्यावर वीज करण्याचे त्याचे स्वप्न त्याच्या मृत्यूनंतर १९१५ साली कोठे साकार झाले? आपल्या खोपोलीस. लोणावळे, वळवण व शिरवटे येथील तलावांचे पाणी घाटातून नळांनी खाली येऊन खोपोलीच्या वीजगृहात पडले, आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. जुन्या राज्यास आपला उत्तम पुरुष ठेवून घेता आला नाही. मल्हाररावांच्या बडोद्यात जमशेटजी काय करते? सोन्याच्या तोफा ओतविण्याचा मक्ता घेते!

परंतु हाच प्रश्न आपण उलटा करून आपल्यासही विचारावा. खोपोलीस वीज झाली, तीस शंभराहून अधिक वर्षे लोटली. पुढे आपल्या तालुक्यात पाईपांचे, पोलादाचे, कागदाचे, रसायनांचे कारखाने आले. रसायनीसारखे गावच उद्योगाच्या नावाने वसले. आपल्या ज्ञातीतील कितीएक कुटुंबांच्या भातशेतीच्या जमिनी त्यांत गेल्या. मोबदला आला, त्यातून घरे झाली, लग्ने झाली, मोटारी झाल्या. मोत्यांचा गालिचा प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे विणला. कारखान्यात आपल्यातले काही लागले, पण बहुतेक फाटकावर व हमालीवर. यंत्रापाशी उभा राहणारा फिटर, वेल्डर वा रसायनज्ञ बाहेरगावाहून आला. तो आला यात त्याचा अपराध नाही. तो शिकून आला होता.

आम्ही या तालुक्यातील शाळांत छत्तीस वर्षे अध्यापन केले. त्यात पालकांच्या तोंडून एक वाक्य असंख्य वेळा ऐकले. मुलास कमी गुण पडले की आता याला आय. टी. आय. ला घालावे लागणार, असे ते खाली मान घालून सांगत. जणू हाताने काम शिकणे ही नापासांची शिक्षा आहे! बडोद्याच्या दरबाऱ्यांस कलाभवन ज्या कारणाने खर्चिक वाटले, तेच कारण आमच्या ओसरीवर आजही बसलेले आहे. राजेशाही गेली, संस्थाने गेली, इंग्रज गेले, जकातीही उठल्या. पण विद्या व कसब यांतील भिंत तेवढी उभी आहे. ती पाडण्यासाठी कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही.

यावर आमची मंडळास एक नम्र सूचना आहे. आपल्या शिष्यवृत्ती निधीतून दरवर्षी शालान्त व पदवी परीक्षांतील गुणवंतांचा सत्कार होतो, तो व्हावाच. परंतु त्याच व्यासपीठावर, त्याच दिवशी, तेवढ्याच रकमेचे एक पारितोषिक एखादे हातकसब उत्तम रीतीने शिकून आलेल्या मुलास वा मुलीस द्यावे, आणि त्याच्या आईवडिलांस पहिल्या रांगेत बसवावे. दुसरे असे की जमिनीच्या मोबदल्याचे पैसे ज्यांच्याकडे अद्याप शिल्लक आहेत अशा चार कुटुंबांनी एकत्र येऊन एखादे लहानसे वर्कशॉप काढावयाचे ठरविल्यास मंडळाने त्यांस हिशेबतपासनीस, वकील व जाणकार यांचा सल्ला विनामूल्य मिळवून द्यावा. राज्याने कारखाना चालवू नये पण चालविणाऱ्यास हात द्यावा, हा महाराजांनी पदरमोड करून शिकलेला धडा आहे. तो आपल्यास फुकट मिळत असताना का घेऊ नये?

कवळाण्याच्या शेतातून आलेल्या एका मुलाने राज्य मिळाल्यावरही श्रमाचा मान विसरू दिला नाही, आणि अडथळे आले म्हणून वाट सोडली नाही. अडथळा पाहून वाट बदलली. त्यांचे स्मरण करताना त्यांच्या तसबिरीस हार घालणे योग्यच आहे. पण येत्या वार्षिक संमेलनात त्या तसबिरीखाली आपला एखादा तरुण फिटर ताठ मानेने उभा राहिलेला दिसावा, अशी आम्ही इच्छा करतो आणि हा लेख पुरा करतो.